अडतीस बिल्ले

रेशमाच्या किड्यांचं बी ज्या बाईच्या अंगावर असतं, तिने घाबरायचं नसतं. आमच्या सेवेनच्या डोंगरात हे शेंबड्या पोरींनाही ठाऊक आहे. खसखशीएवढी ती अंडी, आम्ही त्यांना बीच म्हणतो, कापडाच्या पिशवीत भरून बाईने दहा-बारा दिवस उराशी बाळगायची आणि अंगाच्या उबेने उबवायची. तेवढे दिवस तिने भांडायचं नाही, रडायचं नाही, धावायचं नाही. बाई भ्याली की अंग गार पडतं आणि बी मरतं. बी मेलं की त्या घराचं वर्ष मेलं.

आणि त्या वसंतात, बी माझ्या उराशी असताना, आमच्या अंगणात राजाचे चार घोडेस्वार उतरले.

लोक आता मला धीराची बाई म्हणतात. लग्नकार्यात पुढे बसवतात, पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ही ती दोफीन. ऐकून मला आधी हसू येतं, मग रागच येतो. मी जन्माची भित्री. रानडुकराचं पिल्लू दिसलं तरी झाडावर चढणारी. म्हणून एकदा काय झालं ते सरळ सांगून टाकते, मग काय म्हणायचं ते म्हणा.

माझा नवरा एली आमच्या मंडळीचा वडील होता. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा. राजाही ख्रिस्तीच, पण त्याचा पंथ वेगळा; आमची प्रार्थनेची जागा त्याने कधीच पाडली होती आणि उपदेशक सापडला तर त्याला फाशी होती, त्यामुळे आमची उपासना डोंगरातल्या घळीत, उघड्यावर व्हायची. तिथे हेर घुसू नये म्हणून प्रभुभोजनाच्या आधी एली घरोघर जाऊन प्रत्येकाला शिशाचा एक बिल्ला द्यायचा. एका बाजूला मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला उघडं पुस्तक. तो बिल्ला परत दिला तरच भाकर आणि द्राक्षारस मिळायचा. ज्याने शिपायांच्या धाकाने धर्म सोडल्याच्या कागदावर सही केली, त्याचा बिल्ला एली आपल्या पिशवीतच ठेवायचा. माणसं अडतीस, बिल्ले अडतीस.

त्या मंगळवारी एली घरी नव्हता. रविवारच्या प्रभुभोजनासाठी उपदेशकाला आणायला तो घाटापलीकडे गेला होता आणि परतल्यावर बिल्ले वाटणार होता. ते कणकेच्या पेटीत होते. अंगणात टापा वाजल्या तशी सासूने पेटी उघडली, बिल्ल्यांची पुरचुंडी काढली आणि माझ्या चोळीत हात घालून सरळ बियाच्या पिशवीत कोंबली.

"आई, अहो, शिसं गार असतं! बी मरेल!"

"गप बस. बियाच्या पिशवीला पुरुष हात लावत नाही. तेवढी एकच जागा उरलीय ह्या घरात."

बिल्ले सापडले असते तर एलीला राजाच्या गलबतावर साखळीने बांधून जन्मभर वल्ही मारायला लावलं असतं. मला आणि म्हातारीला समुद्राकाठच्या बुरुजात टाकलं असतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी खरं सांगते, पहिला विचार आला तो बियाचाच. छातीवर ते गार ओझं टेकलं आणि मी मनात म्हटलं, गेलं माझं रेशीम.

हवालदाराचं नाव मोंतेल. पन्नाशीचा, गुडघ्याने अधू, आवाज हळू. ओरडणारा माणूस परवडला. हा खुर्चीत बसला, पाय शेकायला चुलीकडे केले आणि म्हणाला, "बाई, मला घाई नाही. कागद इथे टेबलावर ठेवतो. तू नाव लिहिलंस की मी निघालो. तोवर आम्ही इथेच राहणार, तुमचंच खाणार. आणि रोज जेवण झालं की घरातली एक वस्तू जाईल. कुठली ते तू सांगायचं."

"मी नाही सांगणार."

"मग मी सांगेन. आणि मला चांगल्या वस्तू चटकन कळतात हं."

त्याने घोडे किड्यांच्या खोलीत बांधले. किडे वाढवायचे वेताचे तट्टे शिपायांनी जळणाला घेतले. मंगळवारी माझी अक्रोडाच्या लाकडाची पेटी गेली. बुधवारी तिच्यातल्या बारा चादरी, लग्नाआधी चार वर्षं खपून मी स्वतः विणलेल्या. त्यांनी त्या फाडून घोडे पुसले. गुरुवारी तांब्याचा हंडा. तो त्यांनी अंगणात ठेवून कुऱ्हाडीच्या पाठीने चेचला. माझ्या आईने मरताना दिलेला हंडा होता तो. प्रत्येक घावाला मी दोन्ही हात छातीवर धरून बसायची. शिपायांना वाटे, बी जपतेय. खरंच जपत होते. बिल्लेही जपत होते. हलले की ते आत किणकिणतील, ह्या धाकाने मी तीन दिवस धड श्वास घेतला नाही. चालायची तीसुद्धा डोक्यावर भरली घागर असल्यासारखी.

शेजारच्या पॉलेतने पहिल्याच दिवशी सही केली होती. तिचं पोर तीन महिन्यांचं. तिच्याकडे उतरलेले दुसरे शिपाई तासाभरात बाहेर पडले. मंगळवारी मी तिला शिव्या मोजल्या: मेलीने चार मडक्यांसाठी स्वर्गाचं राज्य विकलं! बुधवारी शिव्या कमी झाल्या. गुरुवारी हंडा चेचला जात असताना मी तिच्या धुराड्यातून निघणारा शांत धूर बघत होते, आणि माझ्या मनात हेव्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी जेवण झालं. चेस्टनटचं पिठलं होतं, दुसरं काही उरलंच नव्हतं. मोंतेलने तोंड पुसलं आणि छताकडे बघितलं.

"आज छप्पर," तो म्हणाला.

मी रिकामं भांडं उचललं.

"दोफीन," तो पहिल्यांदाच माझं नाव घेऊन बोलला, "तुझी तुती पाहिली मी ओढ्याकाठी. पालवी फुटलीय. उद्या-परवा तुझं बी फुटेल. छपराखाली ठेवशील तर जगेल. मी उत्तरेकडच्या डोंगरातला आहे, माझी आई हेच करायची. मला नको आहे गं हे. एक नाव लिही. घोडे आत्ता काढतो. उद्या माझ्याच माणसांकडून खोली झाडून देतो."

ओरडला असता तर मी टिकले असते. त्याला माझ्या बियाची काळजी वाटत होती, तिथे मी ढासळले.

सासू कोपऱ्यात चेस्टनट सोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती सोलत राहिली. मी टेबलापाशी गेले, लेखणी घेतली, शाईत बुडवली आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं.

हो, लिहिलं. धीराची बाई!

मोंतेलचा चेहरा एकदम सैल पडला. पुढे झुकून, अगदी घरच्या माणसासारखा तो म्हणाला, "दाखव बघू. पांढरं पडलंय का बी? फुटायच्या आदल्या दिवशी पांढरं पडतं. आई आम्हा भावंडांना ओळीत उभं करून दाखवायची." आणि त्याने हात पुढे केला.

माझं अंग गारठलं. नखांपर्यंत.

"पुरुषाची नजर लागते," मी म्हटलं.

"अगं, शंभरदा पाहिलंय मी. हात नाही लावत. तूच सोड गाठ, मी लांबून बघतो."

"नको."

"नको?" त्याचा हात तिथेच राहिला. आवाजही हळूच राहिला. "का नको?"

त्या क्षणी मला काही थोर सुचलं असं समजू नका. एवढंच दिसलं, की ह्या पिशवीत मेंढपाळाचे अडतीस शिक्के आहेत, त्यातला एक माझा आहे, आणि समोर माझं अर्धवट नाव लिहिलेला कागद आहे. नाव पुरं झालं की माझा बिल्ला एली मला कधीच देणार नाही. छप्पर राहील, बी राहील, तुतीची झाडं राहतील, आणि रविवारी मी झुडपाआड उभी राहून इतरांना भाकर खाताना बघेन. छपराखाली बसून आयुष्यभर हेच बघेन. ह्याची भीती मला मोंतेलपेक्षा मोठी वाटली. भीतीच होती ती. धीरबीर काही नव्हता.

मी चोळीतून पिशवी ओढली आणि चुलीत भिरकावली.

"माझं बी आहे, मी जाळीन!" मी किंचाळले. "तट्टे तुम्ही जाळले, खोलीत घोडे हगतायत! किडे जन्माला घालू आणि उपाशी मारू? बघ आता, हवा तेवढा बघ!"

बी मोहरीसारखं तडतडलं. मोंतेल ताडकन उठला. त्याला ते बघवेना. त्याने चिमटा उचलला आणि पिशवी काढायला निखाऱ्यांत घातला. कापड अजून पुरतं जळलं नव्हतं.

तेवढ्यात सासू उठली आणि तिने सोललेल्या टरफलांची अख्खी टोपली चुलीत पालथी केली. भडका झाला. मोंतेल हात झटकत मागे सरला.

"राहू दे रे बाबा," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मेलेलं बी घरात ठेवू नये. तुझ्या आईने सांगितलं नाही?"

शिसं वितळायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मी मनातल्या मनात पाच वेळा म्हटलं, आणि पाचही वेळा मध्येच विसरले. मोंतेल चिमटा घेऊन जाळाकडे बघत उभा. जाळ बसला तेव्हा राखेशिवाय काही दिसत नव्हतं.

त्याने टेबलावरचा कागद उचलला, त्यावरचं एक अक्षर बघितलं. "एका अक्षराची सही होत नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून: "बी जाळणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. माझ्या आईने तुला घरात घेतलं नसतं."

त्यांनी छप्पर उतरवलं, तुती तोडली. शनिवारी दुपारी ते पुढच्या गावाला गेले. सासूने राख चाळली. शिशाचा एक गोळा निघाला, मुठीएवढा, वेडावाकडा. त्यावर मेंढपाळ नव्हता, पुस्तक नव्हतं.

रविवारी सकाळी घळीत एली भेटला. उपदेशकाला घेऊन तो रात्रभर चालला होता, गावाकडे फिरकलाच नव्हता. दगड जरी घसरला तरी मी दचकत होते. त्याने माझा चेहरा पाहिला आणि बाजूला नेलं.

"शिपाई आले होते?"

"चार दिवस."

"हंडा?"

"गेला."

"चादरी?"

"गेल्या. छप्पर गेलं. तुती तोडली."

त्याने माझ्या छातीकडे बघितलं. पिशवी नव्हती. "बीसुद्धा?"

"मी जाळलं."

तो खाली बसला. मग म्हणाला, "मग राहिलं काय गं आपल्याकडे?"

मी पदराआडून गोळा काढून त्याच्या हातात ठेवला. आणि घाईघाईने, धीर सरायच्या आत, सांगून टाकलं: "एली, मी एक अक्षर लिहिलं होतं."

एली नियमाचा पक्का. सख्ख्या भावाचा बिल्ला त्याने दोन वर्षं अडवून ठेवला होता. तो गोळा उलटसुलट करत राहिला आणि माझ्याकडे बघेना. झुडपामागे पॉलेत उभी होती, पोर कडेवर, पुढे यायची हिंमत नाही. सासूने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लेकाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"वडील," ती म्हणाली. लेकाला ती कधी वडील म्हणत नसे. "ह्यातला पॉलेतचा कुठला, तो काढून दाखव. हिचा कुठला, तोही दाखव. सापडले तर ठेव खुशाल तुझ्या पिशवीत."

एलीने गोळा अजून एकदा फिरवला. मग तो उठला आणि पांढऱ्या कापडावर, भाकरीच्या शेजारी, ठेवून आला.

"या सगळे," तो म्हणाला. "पॉलेत, तूसुद्धा ये."

उपदेशकाने शेतात पुरलेल्या ठेव्याचा दाखला वाचला. तो ज्याला सापडतो, तो आनंदाने जाऊन आपलं असेल नसेल ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. आनंदाने, असं लिहिलंय. मी तो शब्द ऐकला आणि मान खाली घातली. मी तर थरथरत फेकलं होतं, आणि चादरी आठवून आजही रडते.

पॉलेत माझ्यापुढे उभी होती. तिची पाळी आली तशी ती गोंधळली. भाकर दोन्ही हातांनी घ्यायची असते आणि हातात पोर होतं. तिने मागे वळून ते माझ्याकडे दिलं, मी बियाची पिशवी जिथे बाळगत असे तिथेच. माझं अंग भीतीने अजून गारच होतं. वर कड्यावर टेहळणीला बसलेल्या माणसाकडे माझे डोळे लागलेले. घाबरलेल्या बाईच्या उराशी काही जगत नाही म्हणतात.

पोराने दोनदा तोंड घासलं आणि झोपून गेलं.