काळा टोप आणि व्याह्यांचं जेवण

मी एक जुना बिडाचा टोप आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. तुमच्या घरी आंबोळ्यांचा जड काळा तवा असेल, तर तो माझा दूरचा भाऊच समजा. माझं अंग जाड आहे, कान मजबूत आहेत, आणि झाकण एवढं वजनदार की लहान मुलाला उचलत नाही. हे सगळं बघून कुणालाही वाटेल, हा कशाला कुणाला घाबरणार? पण मित्रांनो, नळ सुरू झाल्याचा आवाज आला तरी मी झाकणाआड लपायला बघतो.

मी जन्मलो पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कारखान्यात. वाळूच्या साच्यात तापलेला रस ओतला, तो थंड झाला, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. तेव्हा मी काळा नव्हतो, राखाडी होतो. काळा झालो तो कामाने. माझ्यात दर वेळी काही परतलं की तेलाचा एक पातळसा थर जळून अंगावर बसतो. त्यावर दुसरा बसतो, मग तिसरा. हे थर म्हणजे माझं कातडं. ते आहे तोवर पाणी मला गंजवत नाही आणि आंबट पदार्थ माझं लोखंड चाटत नाही. ते गेलं की मी उघडा पडतो. माझ्या भित्रेपणाचं मूळ हे असं आहे.

मला विकत घेतलं मार्टा नावाच्या एका जर्मन बाईने. ती नुकतीच जर्मनीहून अमेरिकेत आली होती. सणावाराला ती बीफचा एक पदार्थ करायची, त्याचं नाव साउअरब्राटन. साउअर म्हणजे आंबट. मांसाचा अख्खा तुकडा व्हिनेगर, कांदा, गाजर, लवंगा आणि तमालपत्र यांत काही दिवस मुरत ठेवायचा. हे मुरणं चालतं चिनी मातीच्या बरणीत, लोणचं मुरतं तसंच. मग तो तुकडा माझ्यात चांगला लाल परतायचा, त्यावर बरणीतलं आंबट पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजू द्यायचं. शेवटी त्यात आल्याची बिस्किटं कुस्करून घालायची, म्हणजे रस दाट होतो आणि आंबटपणाला गोडी येते.

मार्टाचा मुलगा हेल्मुट. त्याने ऑस्ट्रियाच्या गेर्लिंडशी लग्न केलं. ही नवी सून कामसू होती. सासूवर छाप पाडायची म्हणून तिने आल्या आल्या मला तारेच्या घासणीने घासघासून पांढरा केला. पाठोपाठ रविवारी तिने माझ्यात साउअरब्राटन केलं. काय होणार! उघड्या अंगावर व्हिनेगर पडलं आणि माझं लोखंड रसात उतरलं. मार्टाने स्वयंपाकघरातच चमचाभर चाखून पाहिलं. तिचा चेहरा बघून माझी पाचावर धारण बसली. मग जेवण टेबलावर गेलं. ते टेबल पलीकडच्या खोलीत होतं, त्यामुळे तिथे पुढे काय झालं ते मला बरीच वर्षं कळलं नाही. एवढं ऐकू आलं की गेर्लिंड रडत होती.

पुढे तिनेच मला पुन्हा काळा केला. मांसाइतकाच कांदा घालून ती तिच्या माहेरचं गुलाश करायची. कांदा एवढा वेळ परतायची की त्याचा नुसता मऊ, तांबूस गोळा उरायचा. त्या कांद्याने आणि चरबीने माझं कातडं जमत गेलं. मार्टा गेली, गेर्लिंडचे केस पांढरे झाले, पण तिने मला धुवायला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. मी सुखात होतो, म्हणजे माझ्यासारख्याला जेवढं राहता येतं तेवढं.

मग अनिका आली. ती गेर्लिंडची सून. जन्मली आणि वाढली अमेरिकेतल्याच एडिसन गावी, आईवडील मराठी. ती शाळेत मुलांना बँड शिकवते आणि जवळच्या वेस्ट विंडसर गावी राहते. गेर्लिंडने तिला सगळं शिकवलं, तेही जवळ उभं करून. तुकडा टाकला की त्याला हात लावायचा नाही, तो स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं. आंबट बरणीत मुरवायचं, माझ्यात नाही. आणि टोप गरम पाण्याने धुवून लगेच पुसायचा. गेर्लिंडचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने मला अनिकाच्या ओट्यावर आणून ठेवलं. गेल्या हिवाळ्यात ती वारली.

तेव्हापासून हेल्मुट कुठेच जायचा नाही. त्याचं घर इथून गाडीने तासाभरावर. अनिकाने कितीदा बोलावलं, तर कधी गुडघा दुखायचा, कधी बर्फ असायचं, तर कधी नुसतंच “पुढच्या वेळी.” तो डब्यातलं सूप गरम करून खायचा आणि तेही अर्धं टाकायचा. शेवटी गेर्लिंडचा वाढदिवस जवळ आला. त्या दिवशी घरात नेहमी साउअरब्राटन व्हायचं. अनिकाने फोनवर सांगितलं की मी करते आहे, त्यांच्याच टोपात. मग तो येतो म्हणाला.

“जमलं नाही ना, तर ते परत येणार नाहीत,” अनिका त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली. ते मी ऐकलं, आणि तिची काळजी माझ्याही काळजीत मिसळली.

त्याच आठवड्यात नवरा कामासाठी बाहेरगावी गेला, छोट्या लेकीला, रुहीला, शाळेची सुट्टी लागली, म्हणून अनिकाची आई सुनेत्रा एडिसनहून राहायला आली. सुनेत्राबाई पूर्ण शाकाहारी. लेकीच्या घरात त्यांचा एक वेगळा कप्पा आहे. त्यात त्यांची कढई, त्यांचा डाव, त्यांचं पोळपाट-लाटणं. माझ्यात बीफ शिजतं हे त्यांना माहीत होतं. त्या कधी काही बोलल्या नाहीत, नाक मुरडलं नाही, पण ओट्यापाशी आल्या की मला वळसा घालून जायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. ज्याची त्याची रीत. गेर्लिंडलाही ते ठाऊक होतं. ती त्यांच्यासाठी बटाट्याचे गोळे वेगळ्या भांड्यात उकडायची. “विहीणबाईंनी मला कधी उपाशी उठू दिलं नाही,” असं सुनेत्राबाई अजून म्हणतात.

अनिकाने बुधवारी मांस बरणीत घातलं. तिच्या शाळेला सुट्टी नव्हती, म्हणून गुरुवारी ती कामाला गेली आणि सुनेत्राबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. या खेपेला त्यांनी वळसा घातला नाही. खोचायला पदर नव्हता, म्हणून स्वेटरच्या बाह्या वर केल्या. मला दोन्ही कानांना धरून सिंकमध्ये ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला होता, आणि मी वेडा क्षणभर सुखावलो. मग मला त्यांच्या हातातली तारेची घासणी दिसली.

किती वेळ घासलं ते विचारू नका. आतून, बाहेरून, झाकणाच्या खाचांतून. काळं पाणी वाहत होतं आणि त्यातून माझी सगळी वर्षं वाहून चालली होती. ओरडणार कसा? शेवटी त्यांनी मला खिडकीशी पालथा घातला आणि लांबून कौतुकाने बघितलं. मी जन्मलो तेव्हा होतो तसा राखाडी झालो होतो.

शनिवारी सकाळी अनिकाने मला सुलटा केला. माझ्या पोटात नारिंगी गंज फुलला होता.

तिने गंजावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “आई, तू स्क्रब केलंस हे?”

“व्याही जेवायला येणार ना ग,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “एवढं काळंकुट्ट भांडं पुढ्यात आलं तर काय म्हणतील? आईने मुलीला एवढंही शिकवलं नाही, असंच ना?”

अनिकाने त्यांना समजावलं की ते काळं म्हणजे मळ नव्हता. आता व्हिनेगर घातलं की लोखंडाची चव उतरणार. स्टीलचं भांडं वापर, असं सुनेत्राबाईंनी सुचवलं. ते जमणार नव्हतं. हेल्मुट आला की आधी ओट्याशी येऊन स्वतः माझं झाकण उघडतो, ही त्याची जन्माची सवय. तो मला शोधणार आणि मी दिसलो नाही तर काय समजायचं ते समजणार. अनिका डोळे पुसत रुहीला पोहायच्या क्लासला घेऊन गेली. मी तसाच गंजलेला ओट्यावर. मनात म्हटलं, आता एकतर आपण जेवण बिघडवणार, नाहीतर गॅरेजच्या अडगळीत जाणार.

सुनेत्राबाई खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि माझ्या तळाला बोट लावून पाहिलं. मला थोडा उचलला, वजन अजमावलं. आणि त्यांचा चेहराच उतरला.

अनिका परत आली तेव्हा घरभर कांद्याचा वास सुटला होता. सुनेत्राबाईंनी गंज खरवडून काढला होता, मला आचेवर चांगला तापवला होता, आणि आता त्या अर्धा कांदा तेलात बुडवून त्याने माझं अंग चोळत होत्या.

“माझ्या बिडाच्या तव्याला मी आजवर साबण लावलेला नाही,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तुझ्या बाबांनी एकदा घासला होता, तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. आणि हाही बिडाचाच आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही ग. येणार कसं? कधी हातच लावला नव्हता.”

“मग या वेळी का लावलास?” अनिकाने विचारलं.

“वाटलं, एकदा स्वच्छ घासून काढला की मलाही याला शिवता येईल. विहीणबाईंचा टोप आहे शेवटी.”

अनिकाने दुसरा अर्धा कांदा उचलला. दिवसभर दोघींनी मला तेल पाजलं, ओव्हनमध्ये भाजलं, थंड केलं, पुन्हा तेल पाजलं. संध्याकाळपर्यंत मी तपकिरी झालो, जागोजागी डाग असलेला. पण मित्रांनो, एका दिवसाचं कातडं ते किती टिकणार?

रविवारी सकाळी बरणीतला तुकडा माझ्यात पडला आणि चिकटला. अनिका थांबली, गेर्लिंडने सांगितलं होतं तशी. शेवटी तो सुटला, पण माझं थोडं कातडं घेऊनच. मग आंबट पाणी आलं. मी जिवाच्या आकांताने स्वतःला धरून ठेवलं होतं, तरी अंगातून लोखंड उतरतंय हे मला कळत होतं. अनिकाने चाखलं आणि ओठ घट्ट मिटले. आणखी बिस्किटं कुस्करून घातली. पुन्हा चाखलं. मग गॅस बंद केला, कारण दारावरची बेल वाजली होती.

हेल्मुट खूप वाळला होता. रुही “ओपा, ओपा” करत आजोबांच्या पायाला बिलगली. तो सरळ ओट्याशी आला. झाकण उघडलं. वाफ गेल्यावर माझे डाग त्याला दिसले असणार, पण त्याने झाकण पुन्हा नीट बसवलं.

या घरात स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल एकाच मोठ्या खोलीत आहे. त्यामुळे साउअरब्राटनचं जेवण मला आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. दिसलं नसतं तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. हेल्मुटने पहिला घास घेतला आणि काटा खाली ठेवला. अनिका ताटाकडे बघत बसली. सुनेत्राबाईंच्या ताटात वेगळे उकडलेले बटाट्याचे गोळे होते, त्यांनी एकाचाही तुकडा मोडला नव्हता.

“टोप कुणी घासला?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“मी,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे वळून सावकाश सांगू लागला. लग्नानंतर गेर्लिंडने पहिल्यांदा साउअरब्राटन केलं तेव्हा अशीच लोखंडाची चव लागली होती. त्याच्या आईने ताट बाजूला सारलं. गेर्लिंड रडत होती, म्हणून त्याने तीनदा मागून घेतलं. आणि पुढे आयुष्यभर तो तिला चिडवत राहिला की तुझं सगळ्यांत चांगलं साउअरब्राटन तेच होतं.

“मला वाटलं होतं, ही चव आता जगात कुठे उरलेली नाही,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याने ताट पुढे केलं.

अनिका उठायच्या आत सुनेत्राबाई उठल्या. ओट्याशी आल्या, मला फडक्याने कानांना धरून टेबलावर नेलं, डाव घेतला आणि व्याह्यांच्या ताटात वाढलं. ज्या पदार्थाला त्या कधी शिवल्या नव्हत्या आणि पुढेही खाणार नाहीत, तो त्यांनी स्वतःच्या हाताने वाढला. “पुरे, पुरे” असं इंग्रजीत म्हणत त्याने हात आडवा केला, तर त्यावर सवयीने मराठीतच म्हणाल्या, “व्याही, आता एवढं तरी घ्याच.”

त्याला शब्द कळले नाहीत. पण त्याने हात बाजूला घेतला.

आता दर रविवारी तो येतो. कधी गुलाश होतं, कधी नुसता रस्सा-भात. माझं कातडं हळूहळू जमतंय आणि मला नवीन काळजी लागली आहे. मी पुरता काळा झालो की ती लोखंडाची चव जाणार. मग तो इथे कशाला येईल? मग रुही त्याच्या मांडीवर चढलेली दिसते आणि थोडं बरं वाटतं. पण काळजी करायची सवय सुटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं, काळं, न आवडणारं भांडं असेल. ते घासायच्या आधी एकदा हातात घेऊन बघा, ज्याने ते वापरलं त्याला विचारा, आणि तो माणूस गेला असेल तर त्याच्या माणसांना विचारा. मळ कुठला आणि कातडं कुठलं, हे लांबून कळत नाही. आणि धुतलंत तर लगेच पुसा. मला ओलं ठेवू नका, मला अजून भीती वाटते.