घराण्यात कुणालाच नाही

"घरात याआधी कुणी असं केलं होतं?" डॉक्टर अमिता मॅडमनी विचारलं.

"नाही जी. आमच्या घराण्यात असं काई नाही," दादाराव म्हणाला. बोलता बोलता तो काडीनं कान कोरत होता. कुसुमला त्या काडीची किळस आली आणि या थोरल्या दिराचीही.

मधल्या खुर्चीत तिचा विशाल मान खाली घालून बसला होता. वय तेवीस. चार दिवसांपूर्वी शेजाऱ्यांचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून तो वाचला. नागपूरच्या या मनोविकारांच्या डॉक्टर पांढुर्ण्याला फक्त मंगळवारी येत, तोवर कुसुम त्याच्या खाटेजवळून हलली नव्हती. आज आत येताना दादारावनं तिला बजावलं होतं, "माह्या अश्विनीचं लगन लोधीखेड्याले जमून राहिलं. तोंड सांभाळजो."

कुसुम सावरगावची आशा कार्यकर्ती. बारा वर्षं ती दारोदार विचारत आली, घरात कुणाला टीबी आहे का, साखर आहे का. लपवणाऱ्यांना तोंडावर झापायची, "लपवून तुमीच मरसान." आणि तिच्या सासरी? सासरे कवडूजी पाय घसरून गेले. नणंद पंचफुलाचाही पाय घसरला. नवरा शालिकराम तर भर उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत जागी घसरला. इतके निसरडे पाय अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या घराला नसतील. विशाल तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यालाही हेच सांगितलं, आणि सांगणारी ती स्वतःच होती.

"लहानपणी काही त्रास? मारहाण?"

"लाडात वाढला जी. सोताच्या पोरावानी ठेवला मी," दादाराव काडीचं टोक न्याहाळत म्हणाला.

कुसुमनं डॉक्टरांच्या समोरच्या कागदावर बोट ठेवलं.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "याचे आजोबा, याची आत्या, याचे बाबा. तिघंही आपल्या हातानं गेले. बापासाठी रडे तर हे भाऊजी याले ढोराच्या कोठ्यात कोंडत, पट्ट्यानं मारत. आन् मी आत पोळ्या करत राहो. सोडवाले गेली नाही मी."

"कुसुम, पोरीचं लगन मोडन."

"मोडू द्या. पोरगी दोन दोन दिवस अंथरुणातून उठत नाही, मले दिसत नाही का? तिलेबी इथंच आणा, भाऊजी."

दादारावनं काडी शर्टाला पुसून खिशात ठेवली आणि तो निघून गेला.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. रक्तात असलं म्हणजे घडेलच असं नाही. त्यात लहानपणीचा मार मिसळला की धोका वाढतो, म्हणून जास्त जपायचं. सध्या याला एकटं सोडू नका. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा."

विशालनं चार दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"बाबाले असंच वाटत होतं का, माय?"

"हो रे बाबू."

"मंग त्याईले दवाखान्यात आणलं होतं?"

कुसुमला स्वतःचा इतका वीट कधीच आला नव्हता. तरी आता खोटं बोलायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही आणलं."

विशालनं टेबलावरची गोळ्यांची चिठ्ठी स्वतः उचलली आणि डॉक्टरांना विचारलं, "हे गोळी जेवल्यावर घ्यायची का जेवायच्या आधी?"