तीन पायऱ्यांवरचा माईक

"मेल्याचा घसा पुन्हा बसला! नवा आणा म्हणून कधीचा सांगतोय, ऐकतंय कोण?" सभागृहाचे शिपाईकाका माझ्या डोक्यावर टिचक्या मारत पुटपुटले.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना माईक आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझी जाळी लखलखत होती. वायरमननं मला व्यासपीठावरच्या मेजाला चार स्क्रूंनी पक्कं आवळलं. वर यायला तीन पायऱ्या, कठडा नाही. वीस वर्षं मी तिथून गटारांची, दिव्यांची, पाण्याची गाऱ्हाणी घुमवली. लोक म्हणत, "काय आवाज आहे!" मी फुगायचो. आवाज त्यांचाच होता, हे फार उशिरा कळलं.

इथला नियम असा, की माझ्यात बोललं तेवढंच सभेच्या वहीत लिहायचं. नियम केला तेव्हा कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

मग चौकाची सुनावणी आली. सिग्नल काढून रस्त्यावरून पादचाऱ्यांसाठी जिन्यांचा पूल न्यायचा होता. शिवणकाम करणाऱ्या काकू चाकाच्या खुर्चीतून आल्या. त्या रोज त्याच सिग्नलला रस्ता ओलांडून कामावर जात. सिग्नल गेला की काम गेलं.

त्या खालून बोलू लागल्या, तर अध्यक्ष म्हणाले, "माईकमध्ये बोला ना, काकू."

चौघं धावले. "आम्ही उचलतो!"

"मी काय कपाट आहे?" काकू म्हणाल्या. हशा पिकला. तरी उचललंच. दुसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. काकूंनी धरायला हात टाकला, तो हवेतच राहिला. त्यांना खाली ठेवलं. वहीत लिहिलं गेलं, 'हरकत आली नाही.'

पुढच्या वेळी शेजारचे काका त्यांच्या वतीनं वर आले. "आमच्या काकू फार कष्टाळू. सगळ्यांनी त्यांना मदत करावी." टाळ्या पडल्या. खालून काकू म्हणत होत्या, "अहो, मदत नको, सिग्नल ठेवा!" ते टाळ्यांत बुडालं.

तिसरी सुनावणी शेवटची. "कुणाची हरकत?" मागच्या रांगेतून काकूंचा हात वर गेला. सगळ्यांनी पाहिला आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं, "अरे, चार स्क्रू तर आहेत! मला काढा, खाली न्या. मला त्यात कमीपणा नाही." पण माईकला स्वतःचा आवाज नसतो. म्हणून तुम्हाला विनवतो. माझा एखादा भाऊबंद उंचावर दिसला, तर आधी बघा, त्याच्यापर्यंत कुणाला पोचता येत नाही.

"लिहा, हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले.

वही लिहिणाऱ्या बाई सभेत कधीच बोलत नसत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या उठून माझ्यासमोर आल्या. त्या माझ्या जाळीजवळ वाकल्या.

"साहेब, हरकत आहे. तिन्ही वेळा होती आणि आपण सगळ्यांनी ती ऐकलीय. काकू बोलल्या नाहीत असं नाही. आपणच त्यांना बोलायला जागा ठेवली नाही."