वरच्या मजल्यावरची हन्ना

थर्मासचं लाल टोपण एलियामास्तरांच्या बोटांत गोल गोल फिरत होतं. बायकोच्या, हन्नाच्या थर्मासचं... कडेला एक बारीक चीर गेलेली, चिरेत चहाचा जुना डाग बसलेला, आणि तो डाग अंगठ्याच्या नखानं खरवडता खरवडता त्यांच्या ओठांवर ते वाक्य येऊन उभं राहिलं, जसं गाडी शहराबाहेर पडली की ते नेहमीच येऊन उभं राहायचं: सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही, कुणालाच वाटत नाही! निवृत्तीनंतरची सोळा वर्षं या एका वाक्यावर चालली होती. ते म्हटलं की मागच्या सीटवरची आठच्या आठ तोंडं मोबाईलमधून वर यायची. आज मागं एकच तोंड होतं, आणि ते आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होतं.

"पप्पा, झोप लागली का?"

"नाही गं. रस्ता बघतोय."

रस्ता काय बघायचा होता त्यांना? पाथर्डी रोडचं प्रत्येक वळण पाठ. शिर्डीला लोक देशभरातून यायचे, दर्शन घ्यायचे, आणि संध्याकाळच्या रेल्वेपर्यंत करायचं काय म्हणून लॉजच्या पायऱ्यांवर बसून राहायचे. त्यांना उचलून 'शिर्डीच्या पुढे' न्यायचं हा मास्तरांचा धंदा. गाडी आणि स्टेअरिंग वाल्मिकचं, जीभ मास्तरांची. पुणतांब्याची गोदावरी, निघोजचे रांजणखळगे, रेहेकुरीची काळविटं, आणि शेवटी हा डोंगर, डोंगरावरची ही दगडी तीन मजली इमारत. सगळं नगर हिला चांदबीबीचा महाल म्हणतं. खरं तर तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही, सलाबतखानाची कबर आहे ती. पण लोकांना महाल हवा असतो. मास्तरांनी तो दिला. कधी वरून दौलताबादचा किल्ला दाखवला, कधी हवा स्वच्छ असली तर अजिंठ्याची दिशा, आणि एकदा नागपूरच्या एका सासूबाईंना, त्या फारच भाविकपणे बघत होत्या म्हणून, थेट काशीचा धूर.

मागं जेनिफरच्या मांडीवर शेवंतीचा जुडगा होता. ओल्या कागदात गुंडाळलेला. पहाटे पुण्याच्या विमानतळावर ती उतरली, मस्कतच्या दवाखान्यातल्या सलग दोन रात्रपाळ्या डोळ्यांखाली घेऊन, आणि गाडीत बसताबसताच म्हणाली, घरी आधी नको पप्पा, घरात मम्मी नाहीये... आधी तिथं जाऊ, जिथं ती होती. चार दिवसांची रजा. गेल्या वर्षी तीही मिळाली नव्हती; आईचं दफन तिनं मोबाईलवर पाहिलं होतं, शेजारच्या निकितानं धरलेल्या मोबाईलवर, निम्मा वेळ आभाळ आणि निम्मा वेळ लोकांचे बूट.

"पाथरवट चार वाजता थांबणार आहे ना नक्की?"

"थांबेल. सांगितलंय त्याला."

"मी आकार काढून आणलाय. नाव-तारखांच्या खाली एकच ओळ. मम्मीची." कागद उलगडल्याचा आवाज आला. "'किती दूरवर दिसतं हो.' बस. बायबलमधलं वचन वगैरे नको. हेच तिचं वचन."

रविवारी वर्ष होणार. वर्षाला कबरीवर दगड बसतो, तोवर मातीवर लाकडी क्रूस असतो नुसता. दगड घडून तयार होता, नाव आणि तारखा कोरून झाल्या होत्या, आणि खाली हातभर जागा पाथरवटानं मोकळी ठेवली होती. मास्तर गेल्या आठवड्यात जाऊन आले होते, त्या मोकळ्या जागेवरून त्यांनी हात फिरवला होता... गुळगुळीत होती. आजपर्यंत इतक्या थापा मारल्या. सगळ्या वाऱ्यावर गेल्या, कुणाच्या डायरीत गेल्या असतील फार तर. ही पहिलीच दगडावर जाणार होती.

कारण हन्ना असं काही बोललीच नव्हती.

ठरवून केलं नव्हतं त्यांनी. त्या रात्री फोनवर पोरगी रडत होती, आणि रडता रडता तिनं विचारलं, मम्मी एकटी होती का? आणि ते म्हणाले, नाही गं. एवढंच. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण 'नाही' म्हटलं की 'मग कोण होतं' येतं, 'कुठं होती' येतं, आणि जीभ तर सोळा वर्षं रोज तेल घातलेली... मीच होतो गं. चांदबीबीला नेलं होतं तिला, किती दिवसांचं म्हणत होती. वरच्या मजल्यावर कमानीत बसली होती, थर्मासमधला चहा ओतला, टोपण हातात धरलं, आणि म्हणाली, किती दूरवर दिसतं हो. आणि डोकं माझ्या खांद्यावर. मला वाटलं, वाऱ्यानं डुलकी लागली. पलीकडं मस्कतमध्ये पोरगी रडता रडता शांत झाली होती, आणि मास्तरांना — हे त्यांनी कुणालाही, पाळकालाही सांगितलेलं नाही — क्षणभर बरं वाटलं होतं. गोष्ट बसली की वाटतं तसं बरं.

"वाल्मिकदादा, तुम्ही होता ना त्या दिवशी?"

वाल्मिकनं आरशात बघितलं. जेनिफरकडे नाही, मास्तरांकडे. घाटातलं वळण आलं, त्यानं गियर बदलला, वळण संपलं. मास्तरांच्या बोटांतलं टोपण थांबलं.

"हुतो की, ताई. खाली, गाडीपाशी."

"चढताना कशी होती मम्मी?"

"बरी हुती." वाल्मिक खाकरला. "लई खुशीत हुत्या बाई. वर जाताना माघारी वळून हात केला मला."

हात केला! हा हात त्यांनी घातला नव्हता. त्यांच्या गोष्टीत नसलेला एक हात हन्नानं वर केला होता, या कधी खोटं न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून, आणि तो त्यांच्या सगळ्या गोष्टीपेक्षा खरा होता. मागं जेनिफर हुंदका गिळत म्हणाली, "करायचीच ती तसा." करायचीच. दर वेळी. ते प्रवाशांना आणायला निघाले की गच्चीवरून करायची, आणि तिच्या पाठीमागं, लांब, हाच डोंगर दिसायचा, वर ही इमारत, अंगठ्याएवढी.

चाळीस वर्षं ती गच्चीवरून बघत होती. तिला खरं तर आग्र्याला जायचं होतं. शेजारणीनं आणून दिलेला प्लास्टिकचा ताजमहाल, आत लाल दिवा लागायचा, तो तिनं टीव्हीवर ठेवला होता, आणि मास्तर म्हणायचे, ताजमहाल काय, सगळी दुनिया बघते, तुला मी कुणी न बघितलेली जागा दाखवतो. कुठली? ती काय, समोर! मग न्या की. नेतो. या रविवारी प्रवाशांची पार्टी आहे, पुढच्या रविवारी. मग तिचे गुडघे गेले. परक्यांना नेलं, हजारांनी नेलं, चपला हातात घेऊन वर चढवलं, आणि हिला—

त्या दिवशी पुणतांब्याला होते ते. हैदराबादची पार्टी, नदीकाठी पायऱ्यांवर बसलेली, आणि मास्तर शिंप्याच्या गोष्टीत शिरलेले: महापुरात इथल्या एका शिंप्याचं शिवणयंत्र वाहून गेलं, आणि सहा दिवसांनी पैठणच्या घाटाला लागलं, तेव्हा त्यावरचं अर्धं शिवलेलं पोलकं पूर्ण होऊन घडी घातलेलं होतं. फोन वाजला तेव्हा यंत्र नुकतंच पाण्यात पडलं होतं. त्यांनी आवाज बंद केला. खिशात परत थरथरला, तेव्हा डावी बाही चालली होती. वाल्मिक मागून म्हणाला, मास्तर, घरचा दिसतोय, घ्या की. त्यांनी हातानंच थांब म्हटलं. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा गुंड्या राहिल्या होत्या. गुंड्यांना लोक हसतात. नेहमी हसतात.

इकडं घरी चार वाजता निकितानं मागच्या दारानं आत जाऊन बघितलं. स्वयंपाकघरात, फरशीवर. गॅस चालू, पातेलं काळं. हातात फोन. ओट्यावर थर्मास उघडा, आणि हे टोपण लोळत कपाटाखाली गेलेलं. ते मास्तरांनी नंतर, झाडूनं, स्वतः काढलं.

काय सांगायचं होतं तिला? तीन वेळा? छातीत दुखतंय म्हणून, की येताना पाव आणा म्हणून? इथंच गोष्ट अडते. जगातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडी ते काहीही घालू शकायचे, सलाबतखानाच्या, चांदबीबीच्या, वाहत्या शिवणयंत्राच्यासुद्धा, आणि या तीन फोनांत घालायला वर्षभरात त्यांना एक शब्द सापडला नव्हता.

गाडी थांबली. वर वारा होता. निळ्या फलकाजवळ कॉलेजची दोन पोरं-पोरी फोटो काढत होती. वाल्मिक खाली उतरला नाही. स्टेअरिंगला दोन्ही हात लावून समोर बघत राहिला.

"हन्नाच्या मुलीला वर नेतोय," असं काहीतरी स्वतःशीच म्हणत मास्तर पुढं झाले. आत गारवा, कबुतरांचा वास. भिंतीच्या जाडीतच लपलेला जिना. त्याच्या तोंडाशी ते नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, आता घोडा विसरा, इथं बादशहासुद्धा वाकून चढतो. आज म्हणाले नाहीत.

"इथून?" जेनिफरनं विचारलं.

"इथूनच."

ती पुढं, ते मागं. अंधार. पायऱ्या दगडी, उंच, गुडघ्याशी येणाऱ्या. मधे झिजून कलत्या झालेल्या. कठडा नाही, धरायला काही नाही, नुसत्या दोन्ही बाजूंच्या भिंती, खांदे घासणाऱ्या. शेवंतीचा ओला वास. जेनिफरचा श्वास मोठा झाला. तिनं भिंतीला हात लावला, पुढची पायरी चढली, आणखी एक चढली... आणि थांबली.

मास्तर तिच्या मागं थांबले. तिच्या टाचा त्यांच्या तोंडासमोर होत्या. आणि त्याच क्षणी, अंधारात, त्यांना आपली चूक दिसली. नवशिक्यानंसुद्धा केली नसती अशी. खाली ठेवायला हवं होतं मी हन्नाला. खाली, ओसरीत, कमानीखाली, गाडीपासून पन्नास पावलांवर. कुणाला काही कळलं नसतं. पण नाही! मला उंची हवी होती. गोष्ट वरच्या मजल्यावर चांगली दिसते म्हणून मी माझ्या मेलेल्या बायकोला हा जिना चढवला.

"पप्पा." आवाज अगदी साधा होता. दवाखान्यात पेशंटला विचारतात तसा. "मम्मी चर्चच्या तीन पायऱ्या बाजूनं चढायची. एकेक पाय. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून."

त्यांनी टोपण मुठीत आवळलं.

"ही पायरी तिनं चढलेली नाही." भिंतीवरून तिचा हात खाली आला. "ती इथं कधी आलीच नव्हती. खोटं आहे हे. सगळं. वाल्मिकदादालापण शिकवून ठेवलंत?"

बाहेर ती पोरं कशाला तरी हसली. वरून, जिन्याच्या दुसऱ्या तोंडातून, उजेडाची एक पट्टी आली होती, ती तिच्या हातातल्या गुंडाळलेल्या कागदापर्यंत पोहोचत होती आणि त्यांच्यापर्यंत नाही.

"मग कुठं होती ती?"

आणि मास्तरांना कळलं की जीभ तयार आहे. आताही! वाल्मिकनं पाठुंगळीला घेऊन आणलं तिला, या जिन्यातून, वाकून, हसत होती लहान पोरीसारखी... शब्द दातांशी येऊन उभे होते, एकेक, घडी घालून. त्यांनी दात आवळले. मुठीत टोपणाची चीर रुतत होती. सोळा वर्षं त्यांनी लोकांना बजावलं होतं, सांगतो ते खरं वाटणार नाही. आणि आज, मुलीच्या दोन टाचांमागं, अंधारात उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना भीती वाटत होती, की आपण तोंड उघडलं तर हिला ते खरं वाटेल.