सगळ्यांचं ठरलं होतं

लिफ्टचं दार उघडलं आणि चिमणी बाहेर आली ती संघाचा ट्रॅकसूट घालून, बुटांची पिशवी खांद्याला लावून.

मोठी हॉटेलच्या सोफ्यावर बसली होती. अंगात घरचे कपडे, पायांत चपला. ठरलंच होतं तसं. मैदानावर न्यायला बस आली की सगळ्याजणींनी घरच्या कपड्यांत खाली यायचं आणि बसमध्ये चढायचं नाही.

"चल," चिमणी म्हणाली. "पटकन बदलून ये. बस थांबेल."

"काल काय ठरलं होतं आपलं?"

"काल ठरलं होतं गं..." चिमणीनं बुटांची पिशवी दुसऱ्या खांद्याला घेतली.

लिफ्ट पुन्हा उघडली. एकेक पोरगी बाहेर पडली, सगळ्या ट्रॅकसूटमध्ये. कुणी मोबाईलमध्ये डोकं खुपसलं होतं, कुणी उगाच वेणी सारखी करत होतं. राखीव गोलकीपरनं हातमोजे पाठीमागे धरले होते.

मोठी देशाच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आणि कप्तान. चिमणी उजव्या बाजूनं पळायची. दोघी एका गल्लीतल्या, समोरासमोरच्या घरांतल्या. बंद दुकानाच्या शटरवर चेंडू मारत वाढलेल्या. शटर वाजलं की मालक ओरडत यायचा. चिमणी पळून जायची आणि बोलणी मोठीला खावी लागायची. तेव्हा त्याचं दोघींना हसू यायचं.

आदल्या सामन्यात बचावफळीतल्या बांबूला डोक्यावर जबर मार बसला होता. उंच, काटकुळी पोरगी. पडली, उठली आणि मोठीला विचारू लागली, "आपण कुणाशी खेळतोय गं?" हिला बदला म्हणून मोठीनं बाहेर हात केला. प्रशिक्षक सरांनी कडेवरूनच खेळत राहा म्हणून खूण केली. "डोकं दुखलं म्हणून कुणी मरत नाही," ते नंतर म्हणाले. बांबू शेवटपर्यंत खेळली, बसमध्ये ओकली आणि तेव्हापासून पडदे ओढून पडून होती. दौऱ्यावर डॉक्टर नव्हता. आजच्या संघातही सरांनी तिचं नाव घातलं होतं.

म्हणून मोठीनं सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं होतं. बांबूला डॉक्टर बघत नाही तोवर कुणीही खेळायचं नाही. हातावर हात ठेवले होते सगळ्यांनी. पहिला हात चिमणीचा होता.

"तू तरी थांब," मोठी म्हणाली. "दोघी असलो तरी पुरे."

चिमणी तिच्याकडे न बघता म्हणाली, "माझी आई वाट बघत बसली असेल गं टीव्हीपुढं."

बांबू उठेना म्हणून तिला तशीच सोडून बस निघून गेली. मोठी वर गेली आणि बांबूच्या खोलीचं दार उघडलं.

"मॅच संपली का?" बांबूनं विचारलं. जीभ जड झाली होती.

मोठीनं तिला बूट घातले, काखेत हात घालून खाली आणलं, टॅक्सीत घातलं आणि दवाखाना गाठला. तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे रागानं पाहिलं, इतका उशीर केला म्हणून. मग ती घरच्या कपड्यांत, चपलांवरच धावत आलेली दिसली तशा जरा निवळल्या. "आत रक्त साचलंय," त्या म्हणाल्या. "आणलंत ते बरं केलंत." आणि लगेच शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली.

बाहेरच्या बाकांसमोर टीव्ही लावलेला होता. त्यावर त्यांचाच सामना चालला होता. चिमणीच्या दंडावर कप्तानाचा पट्टा होता. तिनं गोल केला तेव्हा शेजारी बसलेले अनोळखी आजोबा म्हणाले, "काय पळते पोरगी." मोठीनं मान डोलावली.

दौऱ्यावरून परत आल्यावर संघटनेपुढं मोठीची चौकशी झाली. सामन्याच्या दिवशी गैरहजर, आणि परवानगी न घेता खेळाडूला बाहेर नेलं. सर म्हणाले, सामना झाल्याबरोबर ते स्वतःच तिला दवाखान्यात नेणार होते. बांबूला विचारलं. डोक्याला रुमाल बांधून आलेली बांबू बराच वेळ आठवत राहिली. "मला त्या दौऱ्यातलं काहीच आठवत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिच्यावर रागावायलाही जागा नव्हती.

मग चिमणीला विचारलं.

"ती आपल्या मनानं गेली," चिमणी टेबलाकडे बघत म्हणाली. "आमचं काही ठरलं नव्हतं."

मोठीला संघातून काढलं ते कायमचंच. क्लबनंही करार पुढे चालवला नाही. ती एका शाळेत खेळ शिकवायला लागली. गल्लीत कुणी म्हणायचं, डोक्यात हवा गेली होती. कुणी म्हणायचं, घाबरली ऐन वेळेला. तिची आई विचारून विचारून थकली. मोठीचं उत्तर एकच, "गुडघा गेला गं."

चिमणी कप्तान झाली. वर्षातले बरेच महिने ती बाहेरच असायची. तिच्या आईचे डोळे हळूहळू अधू होत गेले. दवाखान्यात कोण नेणार? समोर मोठी होती. मोठी तिला मावशी म्हणायची. मावशीनं हाक मारली, मोठी गेली. पहिल्या दिवशी जड गेलं. मग गेलीच.

सामना असला की मावशी टीव्हीपुढं खुर्ची ओढायची. तिला नुसतं हिरवं दिसायचं.

"चेंडू कुणाकडं आहे गं?"

"चिमणीकडं."

"मग?"

"दोघींना चकवलं. आता आत घुसतीये."

"तू का गं सोडलंस? तू पण असतीस तिथं."

"गुडघा, मावशी. आता कॉर्नर आहे, ऐक."

असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे चिमणीनं निवृत्ती घेतली आणि टीव्हीवर तिची मुलाखत झाली. मावशीच्या शेजारी मोठीही ऐकत होती. अवघड काळ कोणता, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. चिमणी जराही अडखळली नाही. "एका दौऱ्यात आमच्या कप्ताननं आम्हाला वाऱ्यावर सोडलं. ऐन सामन्याच्या सकाळी. तेव्हा संघ मी सावरला."

मावशीनं मोठीच्या दिशेनं मान वळवली. मोठी उठली आणि आवाज बारीक केला.

चिमणी घरी आली त्या रविवारी गल्ली लोटली. मोठी मागच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण बघत होती. पाणी प्यायच्या निमित्तानं चिमणी आत आली.

"टीव्हीवर तसं म्हणायला नको होतंस तू," मोठी म्हणाली. "गप्प बसली असतीस तरी चाललं असतं मला."

"आपण हातावर हात ठेवले त्या संध्याकाळी सर खोल्याखोल्यांतून फिरले होते. म्हणाले, मोठीनंच सगळं येऊन सांगितलंय मला. ती आतून माझ्याशी बोललीये, तुम्ही फसाल."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

चिमणीनं भांडं ओट्यावर ठेवलं. "नाही. पण खरं मानायचं होतं मला. मानलं की लिफ्टमध्ये शिरणं सोपं होतं." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि एकदा मानलं की दरवेळी मानावं लागतं गं. आता खरं बोलले तर माझं काय उरतं?"

मोठीनं गॅस बंद केला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, चिमणीला निदान कुणीतरी फसवलं तरी असेल.

"माझ्या आईला सांगशील?" चिमणीनं विचारलं.

"मी इतकी वर्षं सांगितलं नाही," मोठी म्हणाली. "ते तुझं तू बघ."

ती वळली तर दाराच्या चौकटीला धरून मावशी उभी होती. कधीपासून, कळलं नाही. तेवढ्यात बाहेरून चिमणीच्या नावाचा गलका झाला.

अंगणात फोटोसाठी सगळे उभे राहत होते. चिमणीला मधे घेतलं. एका काकांनी मोठीच्या हातात मोबाईल दिला. "तू काढ गं, तुझा हात स्थिर. मावशी, या ना, लेकीशेजारी या."

मावशी भिंत चाचपत पायऱ्या उतरली. चिमणीनं हात पुढे केला. मावशी त्या घोळक्याकडे गेली नाही. ती मोठीच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिचा कोपर धरला.

"मला उजेड सोसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही काढून घ्या."

"थोडं जवळ या सगळे," मोठी म्हणाली.

मावशीनं तिचा कोपर आणखी घट्ट दाबला. फोटो हलला.

"पुन्हा काढते," ती म्हणाली, आणि दुसरा काढला.