प्रोसेसर जुना, कार्ड नवं

नवनाथ दुकानात शिरला तो कॉम्प्युटरचं कॅबिनेट छातीशी कवटाळून, आणि ते त्याने काउंटरवर ठेवलं नाही, आदळलं. काच खळ्ळकन फुटली. खाली मांडलेले कीबोर्ड नि माऊस तुकड्यांखाली गाडले गेले. शनिवारचे दुपारचे चार वाजले असतील. हर्षाली मागच्या खोलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी नवीन मशीन जोडत होती. आवाजासरशी ती बाहेर आली, तोवर नवनाथच्या काळू नावाच्या माणसाने शटर कमरेपर्यंत खाली ओढलं होतं.

इंदिरानगरातलं हे दुकान हर्षालीने सहा वर्षांपूर्वी एकटीने उभं केलं होतं. वडील ओझरच्या कारखान्यात विमानांच्या वायरिंगवर होते. पेचकस कसा धरायचा ते तिला त्यांनीच शिकवलं. नवनाथचा अंबडला गेमिंग झोन होता. कारखान्यांतून पाळी संपवून निघालेली पोरं त्याच्याकडे खेळायला यायची. तरुणपणी तो तालमीत गाजलेला, आणि पन्नाशीला आला तरी लोकांनी आपल्याला बिचकून असावं अशी त्याची इच्छा असे. लोक बिचकूनही असत. सगळ्यांत जास्त बिचकायचा त्याचा धाकटा भाऊ राजू. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण थोरल्यासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. महिन्यापूर्वी हर्षालीकडून पाच नवी ग्राफिक्स कार्डं नेली होती ती त्यानेच. आज तो शटरला पाठ लावून उभा होता.

नवनाथने काय झालं ते सांगितलं, पण सांगता सांगता तो एकेक वस्तू फोडत होता. सकाळी त्याच्या झोनवर स्पर्धा होती. सिन्नर, मालेगावचे संघ आले होते. नवी कार्डं घातली म्हणून त्याने महिनाभर गावभर सांगितलं होतं. आणि ऐन वेळी, समोरचा चाल करून आला की पडद्यावरचं चित्र गोठायचं. सुटायचं तेव्हा त्याचा गडी मरून पडलेला असायचा. पाहुणे हसले. एकाने तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला.

"नकली कार्डं दिली तू," तो म्हणाला. "चार माणसांत माझं हसं केलं."

कार्डं अस्सल आहेत, असं हर्षाली म्हणायला गेली. वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या कानशिलात बसली. ती मागच्या रॅकवर आदळली आणि वरचा मॉनिटर तिच्या खांद्यावरून घरंगळून फरशीवर फुटला. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तिने शेजारच्या टेबलाच्या खणातल्या मोबाईलकडे डावा हात घातला. नवनाथने ते पाहिलं. त्याने गुडघ्याने खण असा रेटला की तिची करंगळी आणि शेजारचं बोट आत अडकून कडकन वाजली. त्याने खण उघडला, मोबाईल काढून आपल्या खिशात टाकला आणि फरशीवरचा फुटका मॉनिटर पुन्हा एकदा लाथेने उडवला.

आता हा आपल्याला मारून टाकील, असं तिला वाटलं. आणि त्या क्षणी तिला एवढंच सुचलं, की याला काहीतरी बघायला लावावं.

"मशीन इथेच चालू करून बघू," ती म्हणाली. "कार्ड नकली निघालं तर मला मारा."

तो थांबला. तिने एका हाताने कॅबिनेट उभं केलं, शाबूत राहिलेला मॉनिटर जोडला. डाव्या हाताची बोटं जांभळी पडून सुजत होती. तो हात तिने ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला. गेम सुरू झाला आणि तिने पडद्याच्या कोपऱ्यात कोण किती राबतंय त्याचे आकडे आणले. प्रोसेसर शंभर टक्के. कार्ड अडतीस. आणि चित्र सकाळसारखंच अडखळत होतं.

तिने समजावलं, तेही शांतपणे, जणू रोजचं गिऱ्हाईक आलंय. कार्ड चित्र काढतं, पण काय काढायचं ते प्रोसेसर सांगतो. सांगणाराच हळू असला तर काढणारं बसून राहतं. हा प्रोसेसर दहा वर्षं जुना आहे, या कार्डाला तो पुरा पडत नाही.

"थापा मारते," काळू म्हणाला.

तेव्हा तिने ते कार्ड काढून आर्किटेक्टच्या मशीनमध्ये घालायचं ठरवलं. एका हाताने स्क्रू निघेना. राजू न सांगता पुढे आला, त्याने कॅबिनेट धरलं. दहा मिनिटांनी तोच गेम, त्याच कार्डावर, पाण्यासारखा वाहू लागला. मग हळू आवाजात नवनाथने विचारलं, की हे तुला ठाऊक होतं, तर सांगितलं का नाही.

हर्षालीने राजूकडे पाहिलं. राजूने नकारार्थी मान हलवली, इतकी बारीक, की तिलाच दिसावी. तिला कळलं तो काय मागतोय ते. पण बोटांतली कळ खांद्यापर्यंत चढली होती आणि तिला फक्त या माणसाची नजर आपल्यावरून हटायला हवी होती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "राजूभाऊंना. मोबाईलमध्ये मेसेज आहे."

नवनाथने खिशातला मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने तो उघडून मेसेज दाखवला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलल्याशिवाय ही कार्डं घेऊ नका, असं तिने लिहिलेलं. खाली राजूचं उत्तर होतं, भाऊला सांगतो.

नवनाथने तो दोनदा वाचला. मग फरशीवर पडलेला कॅबिनेटचा पत्रा उचलला आणि त्याची धार राजूच्या तोंडावर हाणली.

राजूने हात वर केले नाहीत. लहानपणापासूनची सवय असावी, मारताना आड यायचं नाही. दुसऱ्या घावाला कान फाटला. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला आणि काचांवर पडला. नवनाथने पत्रा टाकला आणि लाथा घालायला लागला. प्रत्येक लाथेबरोबर एकच विचारत होता, सांगितलं का नाय, सांगितलं का नाय. काळू भिंतीला चिकटून उभा होता.

शटर अर्धं उघडं होतं. हर्षाली वाकून बाहेर आली. बाहेर ऊन होतं, रिक्षा जात होत्या, शेजारच्या गिरणीवाल्या सिंधुबाई पीठ झटकत दारात आल्या होत्या. पोलिसांना बोलवा, एवढं हर्षाली त्यांना म्हणाली. मागून लाथांचा आवाज येत होता, पण आता राजूचं कण्हणं येत नव्हतं. सिंधुबाई तिला गिरणीत ओढत होत्या. तिने हात सोडवून घेतला आणि परत आत वाकली.

टेबलाखाली पॉवर सप्लायचा जुना लोखंडी डबा होता. तिने त्याच्या वायरींची जुडी मनगटाला एक वेढा देऊन धरली, सगळं अंग पिळून तो फिरवला आणि नवनाथच्या कानामागे घातला. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. तिने पुन्हा घातला. तो राजूच्या अंगावर आडवा झाला, तरी तिने तिसरा घाव घातला, आणि चौथाही घातला असता. सिंधुबाईंनी मागून तिला मिठी मारली. काळू केव्हाच पळाला होता.

राजूच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलंच. नवनाथच्या कवटीला तडा गेला होता, पण तो वाचला. हर्षालीच्या बोटांत तारा घातल्या. चौथ्या दिवशी ती राजूला बघायला सरकारी दवाखान्यात गेली. त्याने पोलिसांना आधी, मी पडलो, असं सांगितलं होतं. कॉटशेजारी त्याची बायको पल्लवी होती. हर्षाली आली तसं ती उठून बाहेर गेली.

हर्षाली त्याच्या उजव्या बाजूला बसली. "तुम्ही मान हलवली ती मी पाहिली होती," ती म्हणाली. "तरी मेसेज दाखवला."

राजूने सांगितलं, की तिचा मेसेज आला त्या दिवशी तो भावाला सांगायला गेला होता. नवनाथ जेवत होता. जुनं मशीन चालायचं नाय, हे त्याला कसं सांगावं ते जुळवत राजू अर्धा तास दारात उभा राहिला आणि परत आला. कार्डं घातली की कदाचित चालून जाईल, असं मनाशी धरून त्याने ती नेली.

"अर्धा तास, ताई," तो म्हणाला. "घरातल्या घरात."

त्याने पाणी मागितलं, तिने पाजलं. मग तो म्हणाला, पोलीस पुन्हा येणार आहेत, तोवर थांबाल का. ती थांबली. सहा वाजता हवालदार आला. राजूने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि त्याच्या बहिऱ्या बाजूला उभा असलेला हवालदार मधेच काही विचारी, तेव्हा तो प्रश्न हर्षाली त्याच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हणे.