पाचव्या ओळीतली सातवी नळी

“ताई, ही नळी कुठली?”

मॅडमनी बर्फाचा पापुद्रा पुसून डबा पुढे केला. पाचव्या ओळीतली सातवी नळी. तिच्यावर नुसता चारचा आकडा उरला होता, पुढचे दोन आकडे उडाले होते. ताईंनी डबा जवळ ओढला.

सकाळपासून प्रयोगशाळेतला जुना फ्रीझर रिकामा करणं चाललं होतं. नव्या यंत्रावर रक्ताचे सगळे नमुने पुन्हा तपासायचे होते. तेवीस वर्षांत इथली प्रत्येक नळी ताईंच्या हाताखालून गेलेली. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. आणि तो बर्फात न पुसणाऱ्या पेनानेच घालायचा, हे त्या येईल त्याला दरडावून सांगत. स्वतः मात्र एकदा चुकल्या. त्या दिवशी समोर नवराच रक्त द्यायला बसला होता. “जपून काढ हं, आहे तेवढंच आहे,” तो म्हणाला. त्या हसल्या, आणि हाताला लागलं ते साधं पेन उचललं.

त्याचे स्नायू वर्षावर्षाने गळत चालले होते. “जनुक चांगलंय हो तुमचं. ते चालू कधी व्हायचं, बंद कधी, ते बिघडलंय,” मॅडमनी त्याला समजावलं होतं. “म्हणजे माझ्यावरच गेलंय, सकाळी उठायचं नाव नाही,” त्याने उत्तर दिलं होतं. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली.

“ह्यांची आहे,” ताई म्हणाल्या.

“मग घालते मी नंबर. तुमच्या शब्दावर.”

“मागे फ्रीझर बंद पडला तेव्हा घाईघाईत डबे उपसले होते. एखादी इकडची तिकडे झाली असली तर?”

“पण तुम्हाला खात्री आहे ना?”

“आहे. नंबर पुसलेल्या तुमच्या तीन नळ्या मी टाकायला लावल्या, तेव्हा तुम्हालाही होती.”

मॅडम तेव्हा विद्यार्थिनी होत्या, दोन दिवस रडल्या होत्या. आता त्यांनी नोंदवही पुढे सरकवली.

ताईंनी वहीत ‘नंबर वाचता येत नाही’ असं लिहून खाली सही केली. मग नळी मुठीत धरली. घरी त्याचा चष्मा होता, दोन शर्ट होते. पण खुद्द तो एवढाच उरला होता. त्यांना फार वाईट वाटलं.

“द्या, मी टाकते.”

“नको. चूक माझी आहे.”

नळी कचऱ्याच्या पिशवीत टाकून, पिशवीचं तोंड बांधून त्यांनी हातमोजा काढला. तळवा गारठला होता. तो त्यांनी गालाला लावला, ऊब येईपर्यंत तसाच ठेवला. मग नवा हातमोजा चढवून आठवी नळी वाचायला घेतली.